आधी टेबल मांडा, झाडं मागाहून

ठाण्यातल्या कोलशेत रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीतून प्रश्न आला आहे. आठ जण आहेत, बहुतेक निवृत्त, दोघं-तिघं नोकरी करणारे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "आम्हाला फक्त आपापल्या बाल्कनीपुरती बाग करायची नाही, आजूबाजूच्या लोकांना शिकवायचंय. जवळच्या महापालिका शाळेतही काहीतरी करायचंय. सुरुवात ५ जूनला, पर्यावरण दिनी, वृक्षारोपणाने करावी असं चाललंय. आमच्यापैकी कोणाकडेच बागकामाचं प्रमाणपत्र नाही. चालेल का? आणि लोक येतील का?"

लोक येतील. प्रमाणपत्राचं पुढे बघू. पण ते ५ जूनचं आधी रद्द करा.

मी हे स्वतः केलेलं आहे. पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या पाचपाखाडीच्या गटाने बरोब्बर ५ जूनला रस्त्याकडेला चाळीस रोपं लावली. बॅनर, फोटो, वडापाव, सगळं झालं. आपल्याकडे पाऊस यायची सरासरी तारीख ११ जून, आणि त्या वर्षी तो आणखी रेंगाळला. तेवढ्या दिवसांत निम्मी रोपं होरपळली. उरलेली पावसात अशी तरारली की आम्ही एकमेकांची पाठ थोपटून घेतली. खरी पडझड दिवाळीनंतर झाली. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने रस्त्याकडेच्या रोपाला पाणी घालायला माणूस लागतो, तोही पहिले दोन-तीन उन्हाळे. पुढच्या ५ जूनला मोजायला गेलो तर तीन रोपं होती. त्यातलं सगळ्यात दणकट एका चहाच्या टपरीमागे होतं, कारण टपरीवाला कप विसळलेलं पाणी रोज त्याच्या आळ्यात ओतत होता. आमच्या गटातलं त्या झाडासाठी कोणीही काहीही केलेलं नव्हतं.

म्हणून पहिल्या वर्षी झाडं लावू नका. टेबल मांडा.

दर रविवारी सकाळी ९ ते ११, एक घडीचं टेबल, दोन खुर्च्या, एक पाटी: 'झाडाचं काही विचारायचंय?' आणि एक जाड वही. बस. दर आठवड्याला दोघांनी बसायचं. तुम्ही आठ जण आहात, म्हणजे प्रत्येकाला महिन्यातून एकच रविवार येतो. हे वर्षभर न चुकता निभलं तर तुमचा गट टिकला. आणि दर रविवारी सगळेच्या सगळे उत्साहाने येऊन बसलात, तर तिसऱ्या महिन्यात कोणी फिरकणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर असे चार-पाच गट विरले.

ही टेबलाची कल्पना माझी नाही. अमेरिकेत 'मास्टर गार्डनर' नावाची चळवळ आहे, ती अशाच टेबलावरून सुरू झाली. १९७०च्या सुमारास वॉशिंग्टन राज्यात सिअ‍ॅटल-टकोमा भागात शहरं वाढली. घरोघरी बागा झाल्या आणि शेतकऱ्यांसाठी नेमलेल्या विद्यापीठाच्या विस्तार अधिकाऱ्यांना या हौशी लोकांचे फोन उरकेनात. तेव्हा वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या मंडळींनी ठरवलं की हौशी लोकांतूनच काही जण शिकवून तयार करायचे. १९७२ मध्ये टकोमाच्या एका मॉलमध्ये त्यांनी टेबल मांडून बघितलं, लोकांची झुंबड उडाली आणि पुढच्या वर्षीपासून स्वयंसेवकांचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. प्रशिक्षणाचा मोबदला पैशात नाही, तासांत: विद्यापीठाने शिकवलं की तितके तास तुम्ही गावातल्या लोकांना द्यायचे. १९७२ म्हणजे आपलं दापोलीचं कृषी विद्यापीठ स्थापन झालं तेच वर्ष. मी दापोलीचीच, पण पदवी घेऊन आयुष्यभर बँकेत शेतीकर्जाच्या फायली पुढे सरकवल्या. निवृत्तीनंतर खुरपं हातात घेतलं तेव्हा कळलं की पुस्तकातलं निम्मं विसरलंय आणि उरलेलं निम्मं कुंडीला लागू नाही.

टेबलावर काय होतं त्याचा एक मासला सांगते. मार्च महिना होता. एक आजी रिक्षाने आल्या, मांडीवर कापडी पिशवीत तुळशीची कुंडी. "तिसरी तुळस गेली हो माझी, काही नजरबिजर असेल का?" माझ्याबरोबर नवीन आलेला एक मुलगा बसला होता. त्याने लगेच खताचं नाव सांगायला तोंड उघडलं. मी त्याला थांबवलं आणि मातीत बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत. चिखल. बोट नाकाशी नेलं तर आंबूस वास. कुंडी आडवी करून हळूच ठोकली, माती अखंड ढेकूळ होऊन बाहेर आली. तळाचं भोक लादीच्या तुकड्याने ठार बंद. मुळं तपकिरी, चिमटीत धरली तर वरचं साल हातात यायचं.

"आजी, पाणी किती घालता?"

"रोज. अंघोळ झाली की तांब्याभर. कधी म्हणून चुकत नाही."

आता यांना काय सांगणार? पाणी कमी करा म्हणणं म्हणजे पूजा कमी करा म्हणणं. इथे बागकामाचं ज्ञान संपतं आणि माणसाचं सुरू होतं. मी म्हटलं, "आजी, संध्येला पळी-पंचपात्र असतं ना घरात? तांब्या नको, तुळशीला रोज पळीभर पाणी. नेम मोडत नाही आणि तिचे पायही ओले राहत नाहीत. आठवड्यातून दोनदा मातीत बोट घालून बघा, कोरडं लागलं तरच तांब्या." त्यांना ते पटलं. भोक मोकळं केलं, त्यावर खापरीचा बाकदार तुकडा पालथा घातला, दोन मुठी जाडी वाळू, नवीन रोप. शिवाय सांगितलं की मंजिऱ्या खुडत जा, नाहीतर झाड बी धरतं आणि म्हातारं होतं. काही मंजिऱ्या वाळवून कागदात बांधून ठेवा, कारण तुळस मुळात दोन-तीन वर्षांचीच पाहुणी. ती गेली की दोष कोणाचाच नसतो.

त्या मुलाला नंतर मी एकच गोष्ट सांगितली. आधी बोट, मग तोंड.

तुमच्या वहीत तारीख, झाड, तक्रार, कुंडी कुठे असते, पाणी किती आणि आपण काय सांगितलं एवढं लिहा. शेवटचा रकाना रिकामा ठेवा: पुढे काय झालं. बहुतेक गट हाच रकाना विसरतात आणि मग दहा वर्षं तोच चुकीचा सल्ला आत्मविश्वासाने देत राहतात. आमच्या वहीत कडक एप्रिलच्या दुपारी जास्वंदीवर कडुनिंबाचं तेल मारायला सांगितल्याची एक नोंद आहे, अक्षर माझं आहे, आणि शेवटच्या रकान्यात 'सगळी पानं भाजली' असं लिहिलंय. कीड पिठ्या ढेकणाची होती, औषध बरोबर होतं, वेळ सांगायची राहिली. लिटरभर पाण्यात ५ मिलि तेल, ते पाण्यात मिसळावं म्हणून भांड्याच्या लिक्विड साबणाचे चार थेंब, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालून, आठवड्याच्या अंतराने तीनदा. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस बघायचं. आता हे आम्ही छापील चिठ्ठीवर देतो, तोंडी नाही.

वर्षभर वही भरली की तुम्हाला काय शिकवायचं ते वहीच सांगेल. आमच्याकडे सगळ्यात जास्त तक्रारी पाण्याच्या निघाल्या, त्याही कमी पाण्याच्या नव्हे, जास्त पाण्याच्या. दुसरा नंबर उन्हाचा. 'मोगरा फुलत नाही' हा प्रश्न इतक्यांदा येतो की त्याचं उत्तर पाटीवरच लिहून ठेवावं असं वाटतं: पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर मोगरा पानंच देणार, आणि जानेवारीत छाटला नाहीत तर उन्हाळ्यात कळ्या कमी. उत्तरेच्या बाल्कनीत मोगरा लावणाऱ्याला खत देऊन काय होणार? त्याला सरळ सांगा, मोगरा गच्चीवर न्या आणि इथे मनीप्लँट लावा. थोडं वाईट वाटतं, पण पैसे वाचतात.

पैशांवरून आठवलं. टेबलावर काहीही विकायचं नाही. तुमच्यापैकी कोणी घरी गांडूळखत करत असेल, कोणाच्या मेहुण्याची नर्सरी असेल, असू दे. ज्या दिवशी टेबलाखाली खताची पिशवी आली, त्या दिवसापासून तुमच्या प्रत्येक सल्ल्याकडे लोक दुकानदाराचा सल्ला म्हणून बघणार. तसंच रासायनिक कीटकनाशकाचं नाव आपण सांगायचं नाही. बाल्कनीला लागून स्वयंपाकघर असतं, खाली कोणाचं तरी बाळ खेळत असतं. आणि येत नसेल तर 'माहीत नाही, पुढच्या रविवारी सांगते' म्हणायचं. पहिल्यांदा जड जातं, विशेषतः ज्यांनी साहेबकी केली आहे त्यांना.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघून निदान करणं शक्य तितकं टाळा. पिवळं पान पाण्याने होतं, भुकेने होतं, वयानेही होतं, आणि फोटोत तिन्ही सारखीच दिसतात.

आता एक गोष्ट, जिथे तुम्हाला कडक व्हावं लागेल: गच्ची. मोठ्या सोसायट्यांत कोणाला तरी हमखास गच्चीवर वाफे करून भाजी लावायची असते, आणि तुम्ही 'बागवाले' म्हणून परवानगीच्या चर्चेत तुम्हाला ओढतात. आकडे पाठ करून ठेवा. माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी बांधकामाच्या मानकात धरलेला वाढीव भार चौरस मीटरला साधारण १५० किलो असतो. भिजलेली लाल माती घनमीटरला १,६०० ते १,८०० किलो भरते. म्हणजे फूटभर खोलीचा मातीचा वाफा चौरस मीटरला ५०० किलोवर जातो, तिपटीहून जास्त. साधी बारा इंची कुंडीसुद्धा ओली झाली की २५ किलोच्या घरात जाते. त्यामुळे गच्चीवर माती नको. पालापाचोळ्याचं खत, कोकोपीट, उसाचं चिपाड असं हलकं भरण, ग्रो बॅगा आणि त्या तुळईच्या किंवा भिंतीच्या ओळीत. तरीही स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत आणल्याशिवाय हो म्हणू नका. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या कचऱ्यातून जी बाग उभी राहिली, तिचं उदाहरण लोक तुमच्यापुढे टाकतील. टाकू द्या. तिथेसुद्धा भर होता तो कचऱ्यापासून केलेल्या हलक्या भरणावर, ट्रकभर मातीवर नाही.

आणि पावसाळ्यात कुंडीखालच्या थाळ्या. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातला एक दिवस थाळ्या ओतून, पुसून, कोरड्या करायच्या. हे महापालिकेचे कर्मचारी घरोघरी सांगत फिरतात तेव्हा लोक दार अर्धवट उघडतात. तुम्ही टेबलावरून सांगितलंत तर ऐकतात, कारण तुम्ही झाडाच्या बाजूचे. जून ते ऑक्टोबर प्रत्येक माणसाला, त्याने विचारो न विचारो, हे सांगायचंच.

झाड तोडण्याचे प्रश्नही येतील. 'समोरच्या सोनमोहराने आमचा उजेड अडवलाय, छाटून टाकू?' आपल्याकडे १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि झाड सोसायटीच्या जागेतलं असलं तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. उद्यान विभागाकडे अर्ज कसा करायचा तेवढं सांगा आणि भांडणातून बाहेर पडा. तुम्ही कोणाची बाजू घेतलीत की निम्मी इमारत टेबलाकडे पाठ फिरवते. फक्त एक कराच: आवारातल्या झाडांच्या बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवलेले असतील, तर बुंध्याभोवती मीटरभर जागा मोकळी करून घेण्यासाठी कमिटीच्या मागे लागा. हे काम फोटोत दिसत नाही, पण पुढच्या वादळी पावसात झाड उभं राहायचं असेल तर तेच उपयोगी पडतं.

तुमच्या सोसायटीत पगारी माळी असेल. त्याला पहिल्याच दिवशी चहाला बोलवा आणि टेबलाचं त्याला आधी सांगा, सेक्रेटरींना मागाहून. आमच्याकडे हे उलटं झालं. माळीदादांना वाटलं, ही मंडळी आपल्या पोटावर उठली आहेत. सहा महिने झारी मागितली तरी मिळत नव्हती. आता ते स्वतः टेबलाशी येऊन उभे राहतात आणि कलम बांधायचं असेल तर आम्ही सगळे मागे सरतो, कारण त्यांच्या हाताला जे येतं ते आमच्यापैकी कोणालाच येत नाही.

तसंच ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलातल्या पाड्यांवरच्या बायका. पहिला पाऊस पडला की जांभळी नाक्याच्या बाजारात शेवळं, टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी अशा रानभाज्या घेऊन बसतात. आम्ही एकदा त्यांच्यातल्या एका मावशींना रविवारी टेबलावर बोलावलं. दिवसाच्या धंद्याचे पैसे दिले, फुकट नाही. ज्या 'तणाला' आमचे लोक कुंडीतून उपटून टाकत होते त्यातली दोन पानं त्यांनी ओळखून भाजी म्हणून बाजूला काढली, एक मात्र झटकन फेकून दिलं आणि हात धुतले. शेवळं नीट शिजवली नाहीत तर घसा खवखवतो, म्हणून काकड नावाच्या रानझाडाच्या आंबट फळांशिवाय ती करायची नाहीत, हे त्यांनी दहा वेळा बजावलं. रानभाजी ओळखायला शिकवणं हे आपलं काम नाही, त्यांचं आहे. फोटोवरून तर अजिबात नाही.

प्रमाणपत्राचं: नसलं तरी चालेल, पण शिक्षण हवं. आठ जणांनी आठ विषय वाटून घ्या. कोणी तुळस-मोगरा-जास्वंद, कोणी कीड, कोणी खत, कोणी पालेभाजी. प्रत्येकाने आपला विषय स्वतःच्या तीन कुंड्यांत वर्षभर करून बघायचा आणि महिन्याला एकदा बाकीच्यांना शिकवायचा. श्री. अ. दाभोळकरांनी शेतकऱ्यांचा 'प्रयोग परिवार' उभा केला तो याच धर्तीवर: शेतकऱ्याने आपल्या वावरात प्रयोग करायचा आणि निकाल दुसऱ्या शेतकऱ्याला सांगायचा. तिथे द्राक्षं होती, इथे कढीपत्ता. विद्यापीठांचे आणि कृषी विज्ञान केंद्रांचे छोटे वर्ग असतात, दोघं-तिघं जाऊन या, पण सगळे परत येईपर्यंत टेबल अडवून धरू नका.

खताचं फार लिहीत नाही, त्यावर मुबलक माहिती मिळते. एवढंच की तुमच्या आकाराच्या संकुलाला घनकचरा नियमांप्रमाणे ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा असतो, त्यामुळे कमिटीला तुमची गरज आहे. तुम्हाला कमिटीची असेल त्याहून थोडी जास्त. जागा मागायची असेल तर याच मुद्द्यावरून मागा. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हा सुकी पानं पोत्यांत भरून गच्चीच्या जिन्याखाली ठेवा. ओल्या कचऱ्याच्या एका बादलीला सुक्या पानांच्या दोन-तीन लागतात आणि पावसाळ्यात ती सोन्याच्या भावानेही मिळत नाहीत. वास येणारा खताचा ड्रम म्हणजे पानं संपलेला ड्रम.

राहिली शाळा. तिथे आधी मुख्याध्यापकांना भेटा, एका वर्गाची परवानगी मागा, सगळ्या शाळेची नको. आणि पहिलं पीक झाड नको, टोमॅटोही नको. समुद्रमेथी करा. मुंबईच्या वाळूत वाढणारी ती इवली मेथी, छोट्या जुड्या बांधून विकतात ती. उथळ ट्रे, बांधकामाची बारीक वाळू दोन पाण्यांनी धुऊन, रात्रभर भिजवलेले मेथीदाणे दाट पसरायचे, वर वाळूचा पातळ थर, दिवसातून दोनदा हाताने पाणी शिंपडायचं. दहा-बारा दिवसांत जुडी तयार. सातवीतल्या मुलाचं लक्ष बारा दिवस टिकतं, तीन महिने टिकत नाही. शिवाय जुडी घरी जाते, आई ती लसणीवर परतते आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला उरलेल्या वर्गाची परवानगी आपोआप मिळते.

भाज्यांचे वाफे दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्या: माठ, पालक, मुळा. जून-जुलैच्या मुसळधार पावसात पालेभाजी झोडपून निघते. तेव्हा लावायचंच असेल तर मायाळूचा वेल आणि अळू, त्यांना आपला पाऊस मानवतो. मे महिन्यात शाळा बंद असते, पाणी घालायला कोणी नसतं, आणि 'वॉचमनकाका बघतील' यावर मी दोनदा फसले आहे. त्यामुळे मार्चअखेर शेवटची भाजी काढून घ्यायची, शाळेत जिवंत असं काही ठेवायचं नाही. कुंड्यांतली माती जुन्या बॅनरवर पसरून मेच्या उन्हात तापू द्यायची, दोन-तीनदा उलथायची, पावसाआधी गोणीत भरून व्हरांड्यात ठेवायची. १५ जूनच्या सुमारास शाळा उघडली की त्यात एक तृतीयांश तुमच्या ड्रमातलं खत मिसळा आणि मायाळूचं बी टोचा.